वाटी माझीच

सहावं वर्ष चालू आहे.
गोळा त्यांचा, धातूचा.
वाटी माझीच,
एकोणऐंशी वर्षं वापरून आतून गुळगुळीत झालेली.
अर्धाच खुबा बदललाय, कायानीचा सर्जन म्हणाला.
मी विचारलं, म्हणजे लंगडणंही अर्धंच?
हसला नाही. तरुण होता.

पडले तेव्हा बाहेर उणे सव्वीस होतं,
रस्त्याची काच झालेली,
आणि मी पडले स्वयंपाकघरात,
आईने चिंध्या विणून केलेल्या सतरंजीच्या
वर आलेल्या कोपऱ्याला अडखळून.
ती आता भिंतीवर टांगली आहे.
पाहुणे म्हणतात, काय रंग आहेत!
मी म्हणते, हो. आरोपी आहे.

सानेल्मा व्यायाम शिकवायला यायची.
पहिल्याच दिवशी फ्रिजवर कागद चिकटवून गेली:
काटकोनाच्या पुढे वाकू नका,
पायावर पाय टाकू नका,
उभ्या उभ्या गर्रकन वळू नका.
काही महिन्यांनी म्हणाली, आता जरा सैल सोडा,
जपून का होईना, वाका.
कागद काढला. फ्रिजवर एक पांढराशुभ्र चौकोन उरला.
शरीराने मात्र तो केव्हाच पाठ केला होता.
अजूनही मोजे घालताना मी थांबते,
कुणाची तरी परवानगी यायची असल्यासारखी.

बुटांखाली खिळे, ऑक्टोबर ते मे.
सौनातलं वरचं बाकडं सोडलं,
ऊब वर जाते, मी कठडा धरून खाली बसते.
पायऱ्या चढताना जुना पाय, उतरताना नवा.
रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत तीन छोटे दिवे,
धावपट्टीवर विमान उतरवावं
तशी मी स्वतःला उतरवते.
दातांच्या डॉक्टरला आधी सांगायचं, आत धातू आहे.
जांघेत नवं काही दुखलं तर वाट बघायची नाही, फोन करायचा.
एकदा केला.
एक्स-रेमध्ये तो गोळा, चंद्रासारखा म्हणणार होते,
पण खरं सांगायचं तर दाराच्या मुठीसारखा.
वाटी थोडी झिजली आहे, म्हणाले. बघू.
तो 'बघू' मी बसमधून घरी आणला,
कॉफी केली, त्याच्यासमोर बसले.

हे सगळं ठीक.
पण ऑगस्टमध्ये हिल्ला पिकते.
दलदलीतल्या उंचवट्यांवर, एका देठाला एकच फळ,
मधाच्या रंगाचं,
आणि तिच्यासाठी वाकावंच लागतं.
ब्लूबेरीला लांब दांड्याचं खोरं चालतं.
हिल्लाला बोटंच लागतात.
माझी जागा आईने दाखवलेली.
नवऱ्याला एक्केचाळीस वर्षं सांगितली नाही.
तो न विचारताच गेला, भला माणूस.

पाच उन्हाळे रिकामी बादली बघितली,
आणि शेजारच्या ताउनोला सांगून टाकली.
फळ्यांच्या वाटेवर उंच पायांची खुर्ची मांडून
मी बोटाने दाखवत गेले,
तिकडे, त्या वाळक्या पाइनमागे, नाही रे, डावीकडे.
तो वाकत होता.
दोन्ही खुबे त्याचे स्वतःचेच,
तरी कुरकुर इथपर्यंत ऐकू येत होती.

बादली भरत आली तेव्हा म्हणाला,
ही जागा मला चौऱ्याण्णवपासून माहीत आहे.
मग?
तुझी होती, म्हणाला,
आणि मानेवरचा डास मारला.

मी बराच वेळ काही बोलले नाही.
फळीखाली पाणी हलत होतं.
मग उठायचं म्हणून नवा पाय पुढे सरकवला,
दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रोवले.
त्याने हात पुढे केला,
तो तसाच राहू दिला.

उठून उभी राहिल्यावर धरला.